सहा महिन्यांची जर्मनी

जर्मनीत एक सेमिस्टर शिकायला जायचं ठरलं की पुण्यातल्या घरात पहिली चर्चा थालीपिठाच्या भाजणीची होते. वेळापत्रकाची पाळी बरीच उशिरा येते. तिकडच्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र साधारण 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. म्हणजे इकडे जानेवारीत पुढचं सत्र सुरू होतं, तेव्हा चिरंजीव तिकडे आधीच्याच सत्रात अडकलेले. क्रेडिट इकडे धरणार का, हे विचारायचं राहून जातं. तोवर आत्या कुकर वजनकाट्यावर ठेवून बसलेली असते.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे आधीच भरायचे. 2024 च्या सप्टेंबरपासून हिशेब महिन्याला 992 युरोंचा. पैसे आपलेच, पण हाती पडणार ठरलेल्या मासिक हप्त्यानं. वडिलांना ही व्यवस्था फार आवडते.

खोलीचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’. वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या लांबलचक. मुक्काम टाकल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, तिला घर देणाऱ्याचं लेखी पत्र हवं. मावशीच्या दिराच्या मित्राचा सोफा ‘आपलाच समज’ असतो. पत्राचा विषय काढला की मित्र कामात असतो.

विमान उतरतं रविवारी, कारण तिकीट स्वस्त होतं. त्या दिवशी तिथली बहुतेक दुकानं बंद.