विलंबित आणि द्रुत

लघुउद्योजकाला कर्ज देण्याच्या गायकीत आपल्याकडे दोन घराणी आहेत. सरकारी बँकांचे घराणे विलंबित लयीचे. आलापीतच मध्यरात्र होते आणि बंदिश सुरू व्हायच्या आत साहेबांची बदली होते. खासगी घराणे द्रुत लयीचे. तुम्ही चप्पल काढून बसेपर्यंत तराणा संपलेला असतो आणि कोणीतरी प्रोसेसिंग फी मागत असते. श्रोता दोन्हीकडे तोच. भोसरी, अंबड नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत शेड टाकून बसलेला. त्याला एक सेकंडहँड व्हीएमसी मशीन घ्यायचे असते आणि दिवाळीच्या आत पोरांचा बोनस काढायचा असतो.

सरकारी घराण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे वेळ भरपूर आहे. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते, बँका मूठभर उद्योगपतींच्या ताब्यातून सोडवून लहान माणसाच्या दारात नेण्यासाठी. बँका दारात आल्या हे खरे. आत गेल्यावर काउंटरच्या अलीकडे किती वेळ उभे राहायचे, याचा उल्लेख तेवढा वटहुकुमात राहून गेला.

आत गेल्यावर कळते, की तुमच्या धंद्याशी इथे कोणाला देणेघेणे नाही. सीएमए डेटा पाहिजे. मागच्या वर्षांची खरी विक्री, चालू वर्षाची अंदाजे विक्री आणि येत्या वर्षांची ईश्वरेच्छेने होणारी विक्री, असा हा तक्ता. मराठीत विज्ञानकथा फारशी लिहिली जात नाही अशी तक्रार करणाऱ्या समीक्षकांनी एकदा तालुक्याच्या सीएच्या कपाटात डोकावून यावे. तिथे लेखन जोरात चालू आहे.

"किती हवेत?" सीए विचारतो.

"वीस लाख मिळाले तर बरं होईल."

"मग पुढच्या वर्षीची विक्री एक कोटी."

"अहो, यंदा साठ लाख होता होता जीव गेला."

"जीव फॉर्म्युल्यात बसत नाही. अंदाजित उलाढालीच्या वीस टक्के खेळतं भांडवल. वीस लाख पाहिजेत तर कोटी धरावेच लागतात."

हा फॉर्म्युला नायक समितीचा, 1992 सालचा. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर पी. आर. नायक यांच्या समितीने पाहिले, की लहान उद्योगांना खेळते भांडवल पुरेसे मिळतच नाही. म्हणून तिने सोपा हिशेब सांगितला, उलाढालीवरून कर्ज काढा. आपण तो मान लववून स्वीकारला आणि कर्जावरून उलाढाल काढू लागलो. साहेबांनाही हे ठाऊक असते. कोटीचा आकडा पाहून ते चष्म्यावरून बघतात, "थोडं अँबिशस नाही वाटत?" असे म्हणतात आणि सही करतात. सही प्रकरण पुढे पाठवण्याची. मंजुरीची नव्हे.

मग तारण. 2010 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की सूक्ष्म आणि लघुउद्योगांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नाही. त्याच्याही आधी, 2000 साली, केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने सीजीटीएमएसई हा न्यास काढला. कर्ज बुडाले तर बँकेचा बराचसा तोटा न्यास भरून देतो. एप्रिल 2025 पासून तर 10 कोटींपर्यंतच्या कर्जांना ही हमी मिळते. म्हणजे कागदावर आपला वर्कशॉपवाला अंगावरच्या शर्टानिशी बँकेत जाऊन कर्ज घेऊन येऊ शकतो.

"बरोबर आहे," साहेब म्हणतात, "योजनेत तारण लागत नाही." थोडा वेळ जातो. "राहतं घर कोणाच्या नावावर आहे?"

घर गुंठेवारीतले. ते चालत नाही. गावाकडची जमीन आहे, पण सातबाऱ्यावर चार चुलते, दोन आत्या आणि एक दिवंगत आजोबा आहेत. शेडचा भूखंड एमआयडीसीकडून भाडेपट्ट्याने घेतलेला, म्हणजे गहाण टाकायचा तर आधी महामंडळाची संमती आणा. शेवटी सासऱ्यांचा फ्लॅट निघतो आणि त्या दिवशी सासरे प्रथमच जावयाच्या धंद्यात रस घेतात.

इथे साहेबांना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, म्हणून ते करत नाही. साहेबांच्या खुर्चीतून जग कसे दिसते ते पाहा. त्यांनी दिलेले शंभरातले एक कर्ज थकले, तर नव्वद दिवसांनी ते एनपीए होते. मग खुलासा मागणारे पत्र येते, मग दक्षता विभाग येतो. अकरा वर्षांपूर्वी कुठल्या कागदावर शिक्का तिरका पडला होता हे निवृत्तीच्या तोंडावर विचारले जाते आणि ग्रॅच्युइटी अडकते. उलट, त्यांनी नव्व्याण्णव चांगल्या माणसांना हात हलवत परत पाठवले तर? काही नाही. दिलेल्या कर्जाची चौकशी होते, न दिलेल्या कर्जाची आजवर कुठे झाली आहे? तेव्हा शहाणा अधिकारी नकारही देत नाही, कारण नकाराला लेखी कारण लागते. तो एक क्वेरी काढतो. तिचे उत्तर येईपर्यंत मार्च येतो, मार्चमध्ये क्लोजिंग असते आणि एप्रिलमध्ये बदल्या. नवे साहेब येतात. त्यांचे कुटुंब भुवनेश्वरला, त्यामुळे मन शुक्रवार दुपारपासूनच विमानात. ते म्हणतात, "फाईल पुन्हा बघावी लागेल."

या विलंबित लयीवर उपाय म्हणून नोव्हेंबर 2018 मध्ये खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते 59 मिनिटांत कर्जाचे संकेतस्थळ सुरू झाले. एक कोटीपर्यंतच्या कर्जाला तासाभरात मंजुरी! पुढे बारीक अक्षरांत 'तत्त्वतः'. तत्त्वतः तर लग्नेही पाच मिनिटांत ठरतात. ते पत्र घेऊन शाखेत गेल्यावर साठावे मिनिट सुरू होते आणि ते किती लांब असते याची नोंद संकेतस्थळ ठेवत नाही.

कर्ज मिळतेच मिळत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. मिळते, आणि एकदा मिळाले की सरकारी बँकेइतके स्वस्त आणि सोशिक सावकारी खाते दुसरे नाही. दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यायचे. अधूनमधून एक तरुण अधिकारी तपासणीला येतो. तो इतिहासाचा पदवीधर असतो आणि समोर ईएन-8 पोलादाचे बार रचलेले असतात. "हे सगळं स्टॉकमध्ये?" तो विचारतो. "हो साहेब, ते कोपऱ्यातलं स्क्रॅप सोडून." तो स्क्रॅपचा फोटो काढतो. मशीनवर बँकेच्या नावाची, 'तारण' लिहिलेली पाटी लावलेली आहे ना, हे पाहतो, कारण मागच्या वेळी ती कूलंटच्या तेलाने पुसली गेली होती. मग चहा होतो. एवढ्या गैरसोयीत तीन-चार टक्के व्याज वाचत असेल तर माणूस पाटी पुन्हा रंगवून घेतो.

आता खासगी घराणे. इथे तुम्ही बँकेत जात नाही, बँक तुमच्याकडे येते, तीही जेवायच्या वेळी, फोनवर. "सर, तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ह्ड ऑफर आहे." वर्कशॉपवाल्याला आयुष्यात 'सर' म्हणणारा हा पहिलाच माणूस, त्यामुळे तो विरघळतो. दुसऱ्या दिवशी रिलेशनशिप मॅनेजर हजर. वय सव्वीस, गळ्यात पट्टा, हातात टॅब. जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट आणि सिबिल पाहायला त्याला तुमच्या परवानगीचा एक ओटीपी पुरतो. फाईल 'लॉगिन' होते. मशीनकडे तो ढुंकूनही पाहत नाही. लेथ आणि ड्रिल यांतला फरक त्याला ठाऊक नाही आणि तो कळून घेण्याचा पगार त्याला मिळत नाही.

रक्कम आठवड्यात जमा होते. खरोखर होते. त्यातून प्रोसेसिंग फी वजा झालेली असते, आणि 'सर, हे कंपल्सरी नाहीये, पण क्रेडिट टीमला बरं वाटतं' म्हणून घेतलेला विम्याचा हप्ताही. चालू खाते आमच्याकडे आणा, क्यूआर कोड लावा, वहिनींचे सॅलरी खाते कुठे आहे? कर्जाच्या बदल्यात सरकारी बँकेला सासऱ्यांचा फ्लॅट लागतो, यांना अख्खे सासर लागते.

व्याजाचा दर मधला एजंट सांगतो तो 'फ्लॅट'. तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांवर नऊ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या मुदलावर सोळा टक्क्यांच्या वर जातात, पण हे गणित करायला जो वेळ लागतो तो गिऱ्हाइकाकडे नाही, हे ओळखूनच तो धंद्यात टिकला आहे. आता 1 ऑक्टोबर 2024 पासून एमएसएमई मुदत कर्जांनाही 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचे झाले आहे. एका कागदावर सगळा खर्च धरून खरा वार्षिक दर लिहावाच लागतो. कागद दिला जातो. त्यावर सही कुठे करायची, तिथे पेन्सिलीची खूणही असते.

आणि कर्ज लवकर फेडलेत तर दंड! कर्जबुडव्याचे आपण समजू शकतो, पण वेळेआधी पैसे परत करणारा हाही एक गुन्हेगार मानला गेला आहे. उशीर झाला तर पीनल चार्ज, लवकर झाले तर फोरक्लोजर. रिझर्व्ह बँकेला अखेर दया आली. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर होणाऱ्या बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर व्यापारी बँकांना सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून हा दंड घेता येत नाही. सव्वीस वर्षांच्या रिलेशनशिप मॅनेजरला याचे सुखदुःख नाही. तो एव्हाना दुसऱ्या बँकेत गेला असून तिथून फोन करतो आहे: "सर, ते कर्ज फारच महाग पडतंय तुम्हाला. बॅलन्स ट्रान्सफर करून घ्या."

पहिले दोन हप्ते चुकले की मात्र 'सर' जाते आणि वसुलीवाला 'ए' वर येतो.

खासगी कार्यक्षमतेची आरती ओवाळणाऱ्यांनी मार्च 2020 आठवावा. येस बँकेच्या ठेवीदारांना पैसे काढायला रांगा लावाव्या लागल्या, तेव्हा भांडवल घालायला पुढे केली गेली ती स्टेट बँक. द्रुत लयीत गायकाला धाप लागली, की तानपुरा विलंबितवाल्यांनाच धरावा लागतो. (सहकारी बँकांचे तिसरे घराणे इथे जाणूनबुजून वगळले आहे. त्याला वेगळे सदर लागेल, आणि वेगळा वकील.)

दोन्ही घराण्यांच्या बँकांनी आपल्या कर्जांपैकी 40 टक्के प्राधान्य क्षेत्राला द्यावीत, त्यातच एकूण कर्जांच्या साडेसात टक्के सूक्ष्म उद्योगांना, असा दंडक आहे. पण शेती, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांच्या मागे कोण फिरणार? म्हणून 2016 पासून बाजार भरला. ज्या बँकेने कोट्याहून जास्त वाटले, तिने त्याचे प्रमाणपत्र विकायचे. जिचे कमी पडले, तिने विकत घ्यायचे. कर्ज होते तिथेच राहते, जोखीमही तिथेच. हस्तांतरित होते ते फक्त पुण्य. एखाद्या गिरणीवाल्याला ज्या बँकेने दारात उभे केले नाही, तिच्या हिशेबात त्या गिरणीवाल्याला दिलेले कर्ज असू शकते, आणि तेही रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर पोर्टलवर रीतसर खरेदी केलेले.

पण मुळात या गृहस्थाला कर्ज लागते कशाला? मशीनसाठी एकदाच. बाकी सगळे खेळते भांडवल लागते ते मोठ्या कंपनीने बिल थकवले म्हणून. माल गेला जूनमध्ये, पैसे येणार ऑक्टोबरमध्ये, 'साहेबांनी सिस्टीममध्ये टाकलं' तर. 2006 चा एमएसएमई कायदा म्हणतो 45 दिवसांत द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे व्याज मागणारा पुरवठादार वर्षभर शोधला तर एखादा सापडेल, आणि त्याला पुढची ऑर्डर मिळालेली नसेल. मग आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आले. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळणार नाही. त्यावर काही ठिकाणी पर्चेस मॅनेजरने प्रेमाने सुचवले, "तुमचं ते लघुउद्योगाचं उद्यम रजिस्ट्रेशन रद्दच करून टाका ना."

म्हणजे भोसरीच्या शेडमधून एका मोठ्या कारखान्याला चार महिन्यांचे कर्ज अखंड चालू आहे. बिनव्याजी, बिनतारण, बिनजामीन. त्यासाठी वर्कशॉपवाला सरकारी बँकेकडून वेळ देऊन आणि खासगी बँकेकडून पैसे देऊन भांडवल उचलतो आणि पुढे फुकट वाटतो.

आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्याला हे पटले. त्याने शाखेत जाऊन विचारले, "साहेब, मीही गरजूंना कोट्याबाहेर कर्ज वाटलंय. त्याचं प्रमाणपत्र मला बाजारात विकता येईल का?"

साहेबांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. म्हणाले, "अर्ज करा. तीन वर्षांचे रिटर्न, उद्यमचा दाखला आणि दोन जामीनदार. आणि ते सासऱ्यांच्या फ्लॅटचं व्हॅल्युएशन जुनं झालंय, ते तेवढं नवं करून आणा."