पिठाने उचललेले सव्वीस किलो

देवरी तालुक्यातल्या चिचगडच्या रानात पहिल्या पावसाबरोबर मुसळीची पाती वर येते. पावसाळा सरला की ती वाळते. मग खालच्या मुळ्या खणायच्या, साल काढायची, उन्हात टाकायच्या. बोटभर मुळीची काडी उरते. ती सफेद मुसळी. या जातकुळीतल्या एका मुसळीच्या शास्त्रीय नावात चक्क बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. त्याच बोरिवलीत आता ती दंड फुगवलेल्या तरुणाच्या चित्राखाली, डब्यातून मिळते.

असाच एक डबा घेऊन पुण्याचा भाचा ऐन भाताच्या रोवणीत इथे आला. मुसळी, अश्वगंधा, गोखरू आणि शिलाजीत (म्हणजे जडीबुटीत घुसलेला दगडाचा पाझर). टेस्टोस्टेरॉन वाढतं, चरबी उतरते, असं त्याने शेजारच्या आजीला समजावलं. बांधीतला चिखल पायावरून खरवडत आजी म्हणाली, "मंग बाबू, हे खाऊन परा लावाचा का?" भाच्याने विषय बदलला. सकाळपासून वाकून परे लावणाऱ्या बाईसमोर ताकदीचा विषय मुळात काढूच नये.

तरी डब्याला अगदीच खोटं ठरवता येत नाही. २०१५ साली अश्वगंधेचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५७ पुरुष, आठ आठवडे व्यायाम. निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम अर्क, बाकीच्यांना नुसत्या स्टार्चच्या कॅप्सूल. आडवं पडून वजन उचलण्यात अर्कवाल्यांची ताकद ४६ किलोंनी वाढली. टेस्टोस्टेरॉनही वाढलं, चरबी साडेतीन टक्क्यांनी घटली. जाहिरातीत एवढंच येतं. पण पिठाच्या कॅप्सूल गिळणाऱ्यांनीही २६ किलो जास्त उचलले, चरबी दीड टक्का घालवली! पिठाचा हा पराक्रम कुठल्याच डब्यावर छापत नाहीत. वजनं दोघांनीही उचलली होती, हे त्यातलं गुपित. शिवाय माणसं ५७च. एवढ्यावर मी तरी पगार उधळणार नाही.

मुळ्या खणणाऱ्याला मात्र डब्याच्या किमतीतलं फार थोडं मिळतं, आणि ओरबाडून खणल्यामुळे रानातली मुसळीही विरळ होत चालली आहे. ताकद विकत घेणारा शहरात बसलाय, ती खणून काढणारा कुदळ घेऊन डोंगरावर.

एवढं वाचूनही डबा घ्यायचाच असेल तर घ्या. पण थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा यकृताची तक्रार असेल, तर अश्वगंधेआधी डॉक्टरांना विचारा. डब्यावरचा पैलवान ते सांगणार नाही.