कंपनीला विचारावे लागेल

तोट्यातल्या छोट्या कंपनीचा संचालक हा मनुष्यप्रकार म्हैसुरात सरस्वतीपुरम, कुवेंपुनगर आणि जुन्या अग्रहाराच्या गल्ल्यांत विपुल आढळतो. वाचकाला त्याची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही, कारण लग्नाच्या पंगतीत तो प्रत्येकाच्या शेजारी एकदा तरी बसलेला असतो आणि पानात मीठ वाढले जाण्यापूर्वी त्याने आपले कार्ड शेजाऱ्याच्या हातात ठेवलेले असते. त्या कार्डावर सोनेरी अक्षरांत ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ असे छापलेले असते. ते ज्या पाकिटातून निघते, त्याच्याच मागच्या कप्प्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला मिळणारी शिधापत्रिका, म्हणजे कर्नाटकात ज्याला सर्रास ‘बीपीएल कार्ड’ म्हणतात ती, घडी घालून ठेवलेली असते.

येथे विचारात घेतलेला नमुना तंजावरी वळणाच्या मराठी घराण्यातला आहे. म्हैसूर संस्थानाचे दिवाण व्ही. पी. माधवराव (१९०६–०९) आणि त्यांच्यामागून आलेले टी. आनंदराव (१९०९–१२) हे दोघेही तंजावरी मराठी असल्यामुळे अशा प्रत्येक घराचे त्यांच्यापैकी एकाशी तरी नाते निघतेच, आणि दिवाणाच्या वंशजाने नोकरी करणे शोभत नसल्याने त्याने अगरबत्तीची कंपनी काढलेली असते. ‘म्हैसूर अगरबत्ती’ला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या प्रदेशातल्या मालालाच लावता येते, मात्र नाव राखीव असले तरी गिऱ्हाईक राखीव नसते, आणि शहरातल्या जुन्या, मोठ्या उत्पादकांपुढे या छोट्या कंपनीचे पुडे दुकानदार उधारीवर घेतो व पैसे दसऱ्यानंतर देईन म्हणतो, कोणत्या दसऱ्यानंतर, हे तो सांगत नाही.

या गृहस्थाच्या जीवनदृष्टीचा पाया एकाच कायदेशीर तत्त्वावर उभा आहे. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. तिची मालमत्ता भागधारकांची नसते आणि तिचे कर्जही त्यांचे नसते. वकील हे तत्त्व परीक्षेपुरते पाठ करतात, पण हा गृहस्थ ते चोवीस तास आचरतो. दारातली मोटार कंपनीची आहे. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला मुले आली, तर तो त्यांना आदराने बसवतो, कॉफी पाजतो आणि म्हणतो, “माझं काही नाही रे, कंपनीला विचारावं लागेल.” कंपनीला विचारले जाते आणि कंपनी तोट्यात असल्याचे कळते. भाच्याने नंजनगुडला जाण्यासाठी मोटार मागितली तरी कंपनीला विचारावे लागते. मात्र त्याला स्वतःला नंजनगुडला लग्नाला जायचे असले की त्या गावी कंपनीचे एक गिऱ्हाईक निघते व मोटार कामावर निघते.

कंपनीला विचारण्याची ही क्रिया वाटते तितकी सोपी नाही. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात, म्हणून दुसरी संचालक पत्नी असते. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार संचालक मंडळाच्या बैठकीची नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते, म्हणून ती स्वयंपाकघरात हातोहात दिली जाते व पोहोच घेतली जाते. गणपूर्तीला, म्हणजे बैठक वैध ठरण्यासाठी लागणाऱ्या उपस्थितीला, किमान दोन संचालक हवेत, त्यामुळे पत्नी धारवाडला माहेरी गेली की कंपनीला कोणताही निर्णय घेता येत नाही. एरवी “अगं” म्हणून हाक मारणारा हा माणूस बैठकीत तिला “मॅडम” म्हणतो. पुड्याचे वेष्टन बदलून काही उपयोग नाही, हे मॅडमचे मत इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या अधिकृत नोंदीत, पूर्वीही नोंदवले गेले आहे आणि पुढेही नोंदवले जाईल.

तोट्याविषयी त्याला लाज नाही, उलट एक प्रकारची मालकीची भावना आहे. आयकर कायदा धंद्यातला तोटा आठ वर्षांपर्यंत पुढे ओढू देतो, म्हणजे नंतरच्या नफ्यातून तो वळता करून कर वाचवता येतो; नफा कधीच न झाल्याने हा तोटा मुदत ठेवीसारखा साठत जातो, आणि आठ वर्षे उलटून जुना तोटा बाद झाला की त्याला खरेच चार पैसे बुडाल्यासारखे वाटते.

अशा माणसाला सरकारी योजनांचा लाभ मिळतो तो लबाडीने नव्हे, तर याच तत्त्वाच्या काटेकोर पालनाने, निदान त्याचे स्वतःचे म्हणणे तसे आहे. कंपनीतून तो मानधन घेत नाही, सबब कर्नाटकात या शिधापत्रिकेसाठी असलेली वार्षिक १.२० लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा तो ओलांडत नाही. स्वतःच्या वापराची चारचाकी असलेले कुटुंब अपात्र ठरते, पण चारचाकी त्याची नाहीच. ‘गृहलक्ष्मी’ योजना, जिच्यात कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर दरमहा २,००० रुपये जमा होतात, ती ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसुरातच महाराजा कॉलेजच्या मैदानावर सुरू झाली. पती वा पत्नी आयकर भरणारी किंवा जीएसटीचे विवरणपत्र भरणारी असल्यास हा लाभ नाकारला जातो. त्यावर, विवरणपत्र कंपनी भरते, त्याचा ओटीपी आपल्या मोबाइलवर येतो एवढाच आपला संबंध, असे त्याचे उत्तर तयार असते. ‘गृहज्योती’ योजनेत घरगुती मीटरला ठरावीक वापरापर्यंत, कमाल २०० युनिट, बिल माफ होते. कंपनीची नोंदणीकृत कचेरी घरातल्या माजघरात असल्याने तिच्या पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल जोडावे लागते, आणि अशा रीतीने शून्य रुपयांचे बिल जोडून एक खासगी मर्यादित कंपनी सरकारदरबारी आपले अस्तित्व सिद्ध करते.

ही वल्ली एकटी नाही. २०२५ साली केंद्र सरकारने शिधापत्रिकांची यादी इतर खात्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली तेव्हा देशभरात अपात्र वाटणारे १.१७ कोटी कार्डधारक निघाले, आणि त्यांत करदाते व मोटारमालक यांच्याबरोबर ५.३१ लाख कंपनी-संचालक होते. कंपनीसाठी किमान एक लाख रुपये भांडवलाची अट २०१५ साली काढून टाकण्यात आली, त्यामुळे संचालक होणे स्वस्त झाले आहे. पगार मिळवणे तेवढे स्वस्त झालेले नाही.

गंमत अशी की या तत्त्वाचा मूळपुरुषही याच जातीचा होता. लंडनमध्ये चामड्याचे बूट बनवणाऱ्या ॲरन सालोमनने आपला धंदा कंपनीला विकला. तिचे २०,००७ भाग होते. त्यांतले २०,००१ त्याचे स्वतःचे, आणि पत्नी व पाच मुले यांना प्रत्येकी एक. कंपनी बुडाली, धनको त्याच्या मागे लागले, आणि १८९६ साली ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाने निकाल दिला की कंपनी वेगळी, सालोमन वेगळा. हे अपील त्याने निर्धन पक्षकार म्हणून, म्हणजे दारिद्र्य सिद्ध करून न्यायालयीन शुल्कात सवलत घेऊन, लढवले होते. त्याच ब्रिटनने आज कंपनी व मालक यांच्यामधला हा पडदा गरिबांच्या बाबतीत उचलला आहे: तिथल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या भत्त्यात एकखांबी कंपनीचे उत्पन्न संचालकाचेच धरले जाते, आणि धंद्याचे पहिले वर्ष सरले की त्याने किमान वेतनाच्या हिशेबाने ठरणारी रक्कम कमावलीच असे साधारणपणे गृहीत धरून भत्ता मोजला जातो. म्हैसुरातल्या संचालकाला हे सांगितले, तर तो एवढेच म्हणेल की किमान वेतन त्यालाही चालेल, पण कंपनीला विचारावे लागेल.

येथवर या माणसाची थट्टा करणे सोपे जाते. अडचण होते ती महिन्याच्या एक तारखेला. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन बायका अगरबत्त्या वळतात, आणि हजार काड्यांमागे ठरलेली त्यांची मजुरी त्या दिवशी दुपारच्या आत चुकती होते. खात्यात पैसे नसतील तर संचालक कंपनीला कर्ज देतो. असे कर्ज देताना ही रक्कम आपण स्वतः दुसऱ्याकडून उसनी घेतलेली नाही असे लेखी द्यावे लागते, म्हणून पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या नाहीत, विकल्या गेल्या. इतिवृत्तात त्या ठरावाला मॅडमचा विरोध नोंदलेला नाही. स्वतंत्र व्यक्तीचे तत्त्व ज्या एकाच ठिकाणी त्याला खरोखर उपयोगी पडले असते, म्हणजे कंपनी बंद करून, देणी तिच्या नावावर सोडून मोकळे होण्यात, तिथेच ते त्याला नेमके आठवत नाही. मोठ्यांना ते तिथेच आठवते: २०१२च्या ऑक्टोबरात किंगफिशर एअरलाइन्सची विमाने जमिनीवर बसली तेव्हा कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते, आणि त्या कंपनीच्या अध्यक्षांना दारिद्र्यरेषेखालच्या शिधापत्रिकेची गरज पडल्याचे ऐकिवात नाही.

नियमाच्या दृष्टीने पाहता या गृहस्थाची मोटार कंपनीची नसून त्याची आहे, आणि त्या मोटारीवर त्याची शिधापत्रिका रद्द होणे योग्यच ठरेल. तेव्हा अन्न व नागरी पुरवठा खात्याच्या निरीक्षकांना एवढीच विनंती, की त्यांनी पडताळणीला यावे ते एक तारखेला, मोटारीची कागदपत्रे पाहून झाल्यावर मजुरीची वहीही पाहावी, आणि कार्ड काढून घेण्यापूर्वी ती मोटार विकायला त्याला दोन महिन्यांची मुदत द्यावी. बैठकीच्या नोटिशीलाच त्यातले सात दिवस जातील.