मजुरी वाचवण्याचा खर्च

फ्लायव्हील घरीच बदलून मजुरी वाचवू, असा बेत डहाणूत आखणाऱ्याने आधी हिशेब मांडावा. फ्लायव्हील बसते क्रँकशाफ्टच्या टोकाला. तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवायचा, मग क्लच. एवढे उघडलेच आहे तर गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा आणि बेअरिंगेही बदलू, हा मोह नेमका इथे होतो. त्यासाठी पुलर हवा, प्रेस हवा, टॉर्क रेंच हवा. म्हणजे वाचलेली मजुरी हार्डवेअरच्या दुकानात जमा, आणि अवजारे पुढे जन्मभर चिकूच्या क्रेटखाली विश्रांतीला.

कुणी म्हणेल, चारोटी-तलासरीच्या हायवेवरचे मिस्त्री तरी कुठे कॉलेजात शिकले? खरे आहे. पण ते लोकांच्या गाड्यांवर शिकले, तुम्ही स्वतःच्या गाडीवर शिकणार. फरक खिशाला कळतो. स्वकष्टाचे समाधान म्हणाल तर ते मान्य. मात्र १९९१ साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून उद्योगांना वेसण घातली, आणि आपण अंगणातच गिअर ऑइलचे थारोळे करायचे! शिवाय जोडणीनंतर एखादा वॉशर हातात उरलाच, तर गाडी टो करून त्याच मिस्त्रीकडे न्यायची. आणि दुसऱ्याने उघडलेल्या गिअरबॉक्सची मजुरी तो वेगळी सांगणार.