चाकणचा पॉइंट

शनिवार उजाडला की पिंपरी-चिंचवडला निसर्ग आठवतो. आठवडाभर लोखंड कापणाऱ्या शहराला अचानक हिरवं काहीतरी हवं असतं. मोबाइल सांगतो, भीमाशंकर शंभरेक किलोमीटर, तीन तास. बिचारा मोबाइल. त्याने चाकण फक्त वरून पाहिलेलं असतं.

खेड तालुक्याचं पहिलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे चाकणचा तळेगाव चौक. महाबळेश्वरला विल्सन पॉइंट, तसा चाकणला हा. तिथे सूर्योदय बघून माणसं परत येतात. इथे सूर्योदयाला आलात तर मावळतीपर्यंतची सोय आहे. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे तुम्ही आणि मागच्या सीटवरून 'आलं का?'

उपाय नाहीत असं कोण म्हणतं? चिक्कार आहेत. विमानतळ इथेच होणार होतं, ते २०१६ मध्ये पुरंदरला निघून गेलं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे चाकणवरून जाणार होती. नारायणगावजवळची खोडदची रेडिओ दुर्बीण आडवी आली आणि गाडी शिर्डीकडे वळली. नाशिक फाटा ते खेड उन्नत मार्गाच्या घोषणा तर इतक्या झाल्या की एकावर एक रचल्या असत्या तरी पूल झाला असता.

विमान गेलं, रेल्वे गेली. निष्ठावंत निघाला तो कंटेनर.

अडकलातच आहात, तर उतरून किल्ला बघून या. गाडी कुठे जात नाही. संग्रामदुर्ग, भुईकोट. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग पेरला, तेव्हा कुठे बुरूज उडाला. त्यांना तट पाडायला सुरुंग लागला. आपल्याला नुसता शेजार पुरला.

२०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात गेले. शिवनेरी आहे, राजगड आहे, लोहगड आहे. संग्रामदुर्ग नाही. युनेस्कोची माणसं बहुधा चौकातच अडकली असावीत.

एमआयडीसीच्या पत्र्यांच्या पलीकडे भामचंद्र डोंगर दिसतो. वारकऱ्यांची भामगिरी. तुकोबा इथे एकांतासाठी येऊन बसले, असं वारकरी मानतात. आज गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली शेड, त्यापुढे शेड, त्यामागे शेड. हा डोंगर पोखरू नका म्हणून वारकऱ्यांना आंदोलन करावं लागलं.

एकांत वाचवायला मोर्चा. तुकोबांना हे सुचलं नसतं.

आळंदी याच तालुक्यात. इंद्रायणी तिथवर पोचते ती शहराच्या आणि कारखान्यांच्या कुशीतून, त्यामुळे पाण्यावर अधूनमधून पांढराशुभ्र फेस असतो. मग बातमी येते. मग नमुने घेतले जातात. मग अहवाल येतो, आणि अहवालात फेस आढळतो. वारकरी त्याच पाण्यात तीर्थ म्हणून बुडी मारतो. त्याच्या श्रद्धेची परीक्षा देव घेत नाही, वरच्या अंगाचं सांडपाणी घेतं.

बरं, चांगलं पाणी कुठे आहे? आहे ना, भामा आसखेड धरणात. नदी खेडची, बुडालेल्या जमिनी खेडच्या. नळ? ते पुण्याच्या पूर्व भागात. धरणग्रस्तांनी जलवाहिनीचं काम वर्षानुवर्षं रोखून धरलं, तर ते विकासाचे विरोधक ठरले. शेजारच्या मावळात तर ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. त्याच पवनेच्या काठी आता तंबू लागतात, शेकोटी पेटते, गिटार वाजते. जाहिरातीत लिहिलेलं असतं: 'शांत परिसर'.

पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रकात 'लोकजीवन' नावाचं एक पान असतं. त्यावर पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी, ठाकर, कातकरी. भातखाचरं, नाचणी आणि एक हसरी आजी. पूर्वेकडे कांदा, बटाटा, चाकणचा बाजार. आणि चाकण-महाळुंगे-खराबवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भातली पोरं?

ती लोकजीवनात मोडत नाहीत. ती मनुष्यबळात मोडतात.

पूर्वी इथल्या शेतात चाळ असायची ती कांद्याची. आता माणसांची असते. कांदा सडू नये म्हणून शेतकरी चाळीला फटी ठेवायचा, हवा खेळती ठेवायचा. माणसांच्या चाळीला तेवढीही अट नाही. माणूस टिकाऊ माल.

बैलगाडा मात्र या तालुक्याचा जीव की प्राण. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, पुढे तात्पुरती परवानगी दिली आणि २०२३ मध्ये शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या वर्षांत इकडच्या राजकारणात एकच विचारधारा उरली होती, ती चार पायांची. घाटात बारी सुटते, काही सेकंदांत निकाल. बक्षिसं पूर्वी फेटा-नारळ, फार तर ढाल. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत २०२२ मध्ये पहिलं बक्षीस थेट जेसीबी होतं. बैलाने जिंकलेलं यंत्र पहिल्यांदा कुठे चालणार? बैलाच्याच शेतावर.

राजगुरुनगरच्या पुढे रस्ता जरा मोकळा होतो. चास लागतं. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई इथल्या जोश्यांच्या. सिनेमा आला तेव्हा महाराष्ट्राला काशीबाई आठवल्या, त्याही पिंग्यापुरत्या. चास कोणालाच आठवलं नाही. गावाचं नशीब.

पुढे चासकमान धरण. त्याच्या कालव्याने पाणी दिलं, पाण्याने ऊस दिला, उसाने बिबट्या दिला. मादी आता उसातच विते, पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं. वनखात्याच्या दप्तरी तो वन्यप्राणी आहे, राहणीमानाने बागायतदार. शहरातली माणसं सफारीला पैसे मोजतात. इथला शेतकरी रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला निघतो, त्याला फुकट.

सरकारलाही पर्यटन हवंच आहे. एखाद्या देवस्थानाला 'क वर्ग' दर्जा मिळाला की गावात पेढे वाटतात. मग स्वागत कमान येते. कमानीवर देव छोटा, आमदार मोठा. मग पेव्हर ब्लॉक. झाडाखालची माती झाकली की विकास झाला. झाड वाळलं की सुशोभीकरण. डोंगर, धबधबा, देवराई सगळीकडे तोच लाल-पिवळा ठोकळा. तालुक्याचा भूगोल एकाच कंत्राटदाराने तयार केला की काय, अशी शंका यावी.

शेवटी भोरगिरी. रस्ता संपतो, भीमाशंकरची पायवाट सुरू होते. पलीकडे १९८५ पासूनचं अभयारण्य, त्यात शेकरू. शेकरू शहाणं आहे, उंच राहतं. पावसाळ्यात इथे गाड्यांची रांग लागते. उतरणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, 'काय सुंदर आहे, इथेच राहावं!' आणि साडेपाचला परत निघतो.

गावात म्हातारी माणसं भेटतात. तरुण दिसत नाहीत, म्हणून पाहुणे हळहळतात. तरुण खाली चाकणला आहेत, कंत्राटावर, गाड्या जोडतायत. त्याच गाड्या वर येतात. पोरगा घरी येतो तो गुरुवारी, कारण एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. निसर्गप्रेमी येतात शनिवारी. दोघांची गाठ पडतच नाही, आणि पडलीच तर तळेगाव चौकात, एकाच कंटेनरमागे, उलट दिशांना तोंड करून.