नाक बघणारे काका

आंबिवली स्टेशनातून मोहन्याकडे निघालात आणि वाटेत कुणी उकिडवं बसून कुत्र्याच्या नाकाला बोट लावताना दिसलं, तर ते आमचे काका. एनआरसी कंपनीत कामाला होते. 2009 साली कंपनी बंद पडली आणि गावातली कुत्री त्यांच्या तावडीत सापडली. स्वतःचं कुत्रं त्यांनी कधी पाळलं नाही. पाळलं की माणूस एकाच कुत्र्यात अडकतो म्हणे.

काकांचं निदान नाकावर चालतं. ओलं म्हणजे ठणठणीत, कोरडं म्हणजे ताप. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक एरवीही कोरडं असतं, पण हे त्यांना पटत नाही. तळमजल्यावरची मुलगी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकते. तिने एकदा सांगितलं, "काका, ताप थर्मामीटरनेच कळतो. आणि कुत्र्याचं अंग मुळातच गरम असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट." काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बघ! म्हणजे सगळ्याच कुत्र्यांना कायम ताप असतो. मी काय वेगळं सांगतो?"

नाकानंतर औषध. जंतांवर लसूण, गोचिडांवर रॉकेल, लंगडण्यावर आपलीच उरलेली गोळी. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, रॉकेलने कातडी भाजते आणि चाटलं तर पोटातही जातं, माणसाच्या वेदनाशामक गोळ्या त्याच्या पोटावर आणि मूत्रपिंडावर उठतात. हे सगळं ती मुलगी कसारा लोकलमधून उतरून दमलेल्या आवाजात सांगते. काकांचा आवाज मात्र दिवसभर घरीच असल्याने ताजा असतो. अंगारकीला टिटवाळ्याहून परतल्यावर घरचा शिरा ते गल्लीतल्या कुत्र्यांना वाटत. त्यातल्या मनुका कुत्र्याला घातक, हे ऐकून ते खरोखर दुखावले. "बाप्पाच्या प्रसादात दोष काढतेस?" पुढच्या वेळी मात्र मनुका वेचून त्यांनी स्वतः खाल्ल्या.

कुत्र्यांनी दारात घाण करू नये म्हणून ठेवलेली निळ्या पाण्याची बाटलीही त्यांचीच. तिच्या आडोशाला एक कुत्री निवांत झोपते.

इथवर हसून सोडता येतं. चावण्याचं तसं नाही. त्यावर काकांचा सल्ला असा: जखमेत तिखट भरा, वर चुना लावा, कुत्रं दहा दिवस जगलं तर सुई कशाला, आणि सुया तरी किती, पोटात चौदा! ती जुनी लस देशात कधीच बंद झाली. आता सुया चार-पाच, त्याही दंडात. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची ती लस सुरू करून, थांबून नव्हे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की हाती काही उरत नाही. हे मुलीने घरोघर सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि काकांना विचारायला गेले.

मग तिने भांडण सोडलं. एका रविवारी पोह्यांची बशी घेऊन ती काकांकडे गेली. "काका, तुमचं ऐकतात म्हणून विचारते. चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, मग थेट रुक्मिणीबाई रुग्णालय गाठायचं, असं तुम्ही सांगाल का?"

काकांनी बराच विचार केला. हल्ली ते हेच सांगतात, घड्याळ लावून, आणि पोरं खरंच नळाखाली पाय धरून उभी राहतात. स्वतःची भर म्हणून काकांनी एकच अट घातली आहे.

साबण लाल हवा.