धातूवाले गुरुजी

लातुरात नव्यानं आलेल्याला ‘धातूवाल्या गुरुजींचं घर कुठंय’ म्हणून विचारलं, तर तो भांड्यांच्या दुकानाकडं बोट दाखवतो. गुरुजींचा तांब्यापितळेशी संबंध पाण्याच्या तांब्यापुरता. त्यांचे धातू पाणिनीचे: तृष्, पा, स्ना. तुमच्या तोंडातून शब्द निघायचा अवकाश, गुरुजी त्याच्या आजोळी जाऊन पोचतात. आजाऱ्याला बघायला गेले, की ‘तब्येत’ हा शब्द अरबी आहे एवढं सांगून उठतात; तब्येत कशी आहे हे विचारायचं राहूनच जातं. उशाला कृ. पां. कुलकर्ण्यांचा 1946चा व्युत्पत्तिकोश असतो. त्याला खाकी कव्हर घातलंय, आणि शेजारच्यांनी तो मागितला तर गुरुजी पान सांगतात, कोश देत नाहीत.

असा माणूस गावोगाव सापडतो. आमच्या गुरुजींना मात्र 2016चा उन्हाळा मिळाला.

त्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती गर्दी नको म्हणून कलम 144 लागलं. पाचजणांनी एकत्र जमायचं नाही. गुरुजींना त्याची काही झळ लागली नाही. त्यांचं बोलणं ऐकत पाच माणसं एका वेळी टिकलेली कुणी पाहिलेलीच नव्हती. उलट आमच्या गल्लीतली टँकरची रांग त्यांना मानवली. घागर सोडून श्रोता जाणार कुठं?

“तहान म्हणजे मूळची तृष्णा,” टँकर वळणावर दिसायच्या आधीच ते सुरू व्हायचे. “प्राकृतात तिची तण्हा झाली. बुद्धाच्या पाळीतही तण्हाच. मराठीत ह आणि न यांनी जागा बदलल्या, झाली तहान. कृष्णाचा कान्हा, उष्णाचं ऊन, स्नानाचं न्हाणं, सगळा एकच मामला.”

“न्हाणं?” मागच्या मावशी म्हणाल्या. “डोक्यावरून पाणी घेऊन किती दिस झाले ते इचारा गुरुजी. आन् ती घागर सरकवा पुढं.”

गुरुजींनी घागर सरकवली आणि सरकवता सरकवता तिचं गर्गर हे मूळ सांगितलं.

रांगेत अडतीवरचा एक गुजराती मुनीमही असायचा. एकदा कपाळ पुसत तो “तरस लागी छे” म्हणाला, आणि पुढचं पोरगं मागं वळून बघायला लागलं, कुठं आहे तरस? सगळी रांग हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याची कळा आली. मुनीमजींचा तरस तो तर्ष, म्हणजे तहानच. आपलं तरस ते तरक्ष, म्हणजे जनावर. दोघांची गाठ फक्त उच्चारात. पोराचं समाधान झालं नाही. त्याला जनावर हवं होतं.

चीड येते ती याची, की गुरुजींचं बहुतेक बरोबर असतं. त्यांचं खरं वैर ‘इंग्रजांनी आपली तृषा पळवून तिचा थर्स्ट केला’ असले निरोप मोबाइलवर पुढं ढकलणाऱ्यांशी. “पळवली नाही हो!” गुरुजींचा आवाज तिथं चढतो. “चुलत बहिणी आहेत त्या! थर्स्ट, जर्मनांचा दुर्स्ट, फारसीतली तिश्ना. आजी एकच, आणि आजीचा अर्थ वाळणं, कोरडं पडणं. हिंदीतली प्यास मात्र पिपासेतून आली, पिण्याच्या इच्छेतून. म्हणजे हिंदीवाल्याला पाणी प्यावंसं वाटतं. आपला आधी घसा वाळतो.” लातूरकरांना त्या वर्षी याचा पुरावा मागावा लागला नाही.

12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गाडीला पुढं ‘जलदूत’ नाव मिळालं. लोक खूश, गुरुजी नाराज. “दूत निरोप आणतो. मेघदूतातला ढगसुद्धा निरोपच नेतो, यक्षानं त्याच्याकडं पाण्याची खेप सांगितली नव्हती. पाणी आणतो तो पाणक्या!” रेल्वेला पाणक्या एक्स्प्रेस म्हणावं, असा अर्ज त्यांनी लिहिला होता. काकूंनी तो पोस्टात जाऊ दिला नाही.

काकू म्हणजे या घरातला व्यवहार. आल्यागेल्याच्या हातात त्या आधी फुलपात्र देतात, तेही गुरुजींनी ‘पाणी’ हा शब्द ऐकायच्या आत. परवा गेलो तर चहा आणि टोस्ट होता. गुरुजींनी टोस्ट उचलला, कपावर धरला आणि थांबले. मला कळलं, काहीतरी येतंय.

“हा टोस्टही तहानेच्याच घरातला, बरं का. त्याच मुळापासून लॅटिनमध्ये भाजून कोरडं करण्याचं क्रियापद झालं. आता बघा, मूळ अर्थ कोरडा, आणि आपण त्याला...”

“अहो, तुटला,” काकू म्हणाल्या. “चमचा घ्या.”